‘लोक काय म्हणतील’ हे लोकांनाच विचारावे : किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी गावातील रूढी बदलण्याची कार्यपद्धती

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या कुटुंबात दसऱ्याच्या आधी काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये. तोडणी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला असतो, नवराबायकोला पाच-सहा महिने गाव सोडून जायचे असते आणि घरात नववीत शिकणारी मुलगी असते. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे, हे बापाने ऐकलेले असते. कोवळ्या वयातील बाळंतपण जिवावर बेतते, हे आईने आपल्या बहिणीच्या किंवा जावेच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेले असते. तरीही सोयरीक जुळते आणि सुपारी फुटते. कारण विचारले की उत्तर येते, “पोरगी शहाणी झाली, तिला मागं एकटी ठेवली तर लोक काय म्हणतील?”

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. चौथ्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होते. राज्याची सरासरी उतरली असली तरी पाचव्या फेरीत परभणीत हा आकडा ४८ आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होता. याच फेरीत राज्यातील १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर असल्याचे आढळले. एवढी वर्षे पोस्टर लावून, पथनाट्ये करून आणि शाळाशाळांतून व्याख्याने देऊनही हे चित्र फार सावकाश बदलते, याचे कारण लोक अडाणी आहेत हे नसून आपण चुकीच्या ठिकाणी जोर लावतो हे आहे. आपण माणसाला माहिती देतो, पण त्याला अडवते ती माहितीची उणीव नसते. आपल्या भावकीत, सोयऱ्यांत, टोळीत आपल्याविषयी काय बोलले जाईल, याचा त्याने बांधलेला अंदाज त्याला अडवतो. तो अंदाज पुष्कळदा चुकीचा असतो. तो चुकीचा असल्याचे सर्वांसमक्ष दाखवून देणे हेच या कामाचे मर्म आहे आणि पुढील सर्व सूचना त्याभोवतीच आहेत.

हा अंदाज किती बलवान असतो, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे आणि स्त्रीशिक्षणाचे खंबीर पुरस्कर्ते होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून थोर कार्य करून गेली, हा भाग वेगळा. इतक्या विद्वान, निर्भय आणि अधिकारी माणसाला जी गोष्ट पेलली नाही, ती कोयता घेऊन परमुलखात राबणाऱ्या बापाने एकट्याने करावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने कामाला लागण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

आधी रूढी ओळखावी

जे जे सर्वजण करतात ते सारेच रूढीमुळे करतात असे नाही. पाळीच्या दिवसांत मुलगी शाळेत जात नसेल, तर त्यामागे विटाळाची कल्पना असू शकते किंवा शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी नसणे एवढेच कारण असू शकते. दुसऱ्या कारणावर प्रबोधन हा उपाय नव्हे, तिथे कडी आणि नळच बसवावा लागतो. दहावीनंतर मुलीचे शिक्षण सुटत असेल, तर कनिष्ठ महाविद्यालय किती लांब आहे आणि संध्याकाळची एसटी किती वाजता सुटते, हे आधी पाहावे. हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. “भावकीतल्या बाकीच्या सगळ्यांनी आपल्या मुली विसाव्या वर्षापर्यंत थांबवल्या, तर तुम्ही काय कराल?” असे शांतपणे विचारावे. “मग आम्हीही थांबू” असे उत्तर आले, तर तेथे रूढीचा अंमल आहे. “तरीही करावे लागेल, तिला ठेवायचे कुठे?” असे उत्तर आले, तर तेथे अडचण परिस्थितीची आहे. बहुतेक घरांत दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात आणि म्हणून दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात.

सामाजिक रूढींच्या अभ्यासात क्रिस्तिना बिक्किएरी यांनी केलेली मांडणी येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते रूढी दोन अपेक्षांवर उभी असते. इतर लोक असे करतात हा विश्वास ही पहिली अपेक्षा, आणि मी तसे करावे असे इतरांना वाटते हा विश्वास ही दुसरी. या दोहोंपैकी एकीला जरी तडा गेला, तरी रूढी हलू लागते. मात्र ‘इतर’ म्हणजे सगळे गाव नव्हे. ज्यांच्या बोलण्याने खरोखर फरक पडतो अशी दहा-पंधरा माणसेच प्रत्येकाच्या मनात असतात. ऊसतोड कुटुंबाच्या बाबतीत ती शेजारच्या गल्लीतील नसतात. ती टोळीतील, मुलीच्या आत्याच्या गावची किंवा तिच्या मामाच्या घरची असतात. ही माणसे कोण, हे न शोधता केवळ ग्रामपंचायतीच्या हद्दीत काम केल्यास आपण भलत्याच लोकांशी बोलत राहतो.

पहिले दोन महिने फक्त ऐकावे

या काळात भाषण करू नये, फलक लावू नये, शपथही देऊ नये. वस्तीत बसावे आणि प्रत्येकाला एकेकटे गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. मुलीचे लग्न कोणत्या वयात व्हावे असे तुम्हाला स्वतःला वाटते? या वस्तीतील दहा आईबापांपैकी किती जणांना तुमच्यासारखे वाटत असेल? आणि तुम्ही मुलीला थांबवले तर नेमके कोण बोलेल, काय बोलेल? हेच तीन प्रश्न विषय बदलून पुन्हा वापरता येतात. पाळीच्या वेळी बाजूला बसणे, लग्न झाल्यावर वर्षाच्या आत पाळणा हलणे, मुलाने आपल्या शरीराविषयीची शंका आरोग्य केंद्रात जाऊन विचारणे, अशा प्रत्येक बाबतीत स्वतःचे मत आणि इतरांच्या मताचा अंदाज वेगवेगळा नोंदवावा.

तोंडी उत्तर देताना माणूस समोरच्याला बरे वाटेल ते बोलतो, म्हणून गुप्त मतदान घ्यावे. अक्षरओळख नसलेल्यांनाही करता येईल अशी रीत सोपी आहे. दोन मडकी ठेवावीत, एकावर हिरवी (मुलीला थांबवावे) आणि एकावर लाल (थांबवू नये) पट्टी असावी, आणि प्रत्येकाने आडोशाला जाऊन आपल्याला पटेल त्या मडक्यात एक चिंचोका टाकावा. पहिल्या फेरीत स्वतःच्या मताचा चिंचोका टाकायचा. दुसऱ्या फेरीत “वस्तीतील बहुतेकांना काय वाटते?” याचा अंदाज टाकायचा. मग सर्वांसमोर चिंचोके मोजावेत. मोजणारी व्यक्ती वस्तीतीलच असावी, संस्थेची नसावी. पहिल्या फेरीत हिरव्या मडक्यातील ढीग मोठा आणि दुसऱ्या फेरीत लाल मडक्यातील ढीग मोठा निघाला, की काय घडते आहे ते समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. आपण सगळे एकमेकांच्या भीतीपोटी अशी गोष्ट करत होतो जी आपल्यापैकी बऱ्याच जणांना मनापासून नको आहे, हे त्या दोन ढिगांकडे पाहताच उमजते. त्यानंतर होणारी चर्चा बाहेरच्या माणसाने घेऊ नये, ती होऊ द्यावी.

येथे एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. घरोघरी ऐकताना बहुसंख्य लोकांना रूढी मनापासून पटलेली आहे असे दिसले, तर हे मतदान जाहीरपणे घेऊच नये. तसे केल्यास जे थोडे लोक वेगळा विचार करत होते तेही गप्प होतील आणि रूढी आणखी घट्ट बसेल. अशा वस्तीत आधी लहान गटांत, वर्ष-दीड वर्ष, संवादच करावा लागतो.

आकड्यांच्या वापरातही हीच काळजी घ्यावी. “आपल्या जिल्ह्यात जवळजवळ निम्म्या मुलींचे बालविवाह होतात” असा फलक लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्या बापाला त्यातून ‘सगळेच करतात, मग मी केले तर काय बिघडले’ असा दिलासा मिळतो. परभणीच्या ४८ टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की तेथील त्या वयोगटातील ५२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले नाही. शासनाकडे निधी मागताना पहिला आकडा सांगावा, गावात बोलताना दुसरा सांगावा. दोन्ही खरेच आहेत.

कोणाला सोबत घ्यावे

सरपंच, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक यांच्यापासून सुरुवात करण्याची आपली सवय आहे. त्यांना विश्वासात घ्यावे, परंतु पहिला गाभा मात्र ज्यांच्या घरात हा प्रश्न आज जिवंत आहे अशा पंधरा-वीस जणांचा करावा. बचत गटातील स्त्रिया, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलींच्या आया, एक-दोन आज्या आणि ज्यांनी आपली मुलगी थांबवली व ज्यांचे काही वाईट झाले नाही अशी कुटुंबे. ही शेवटची कुटुंबे प्रत्येक गावात असतात. ती स्वतःहून बोलत नाहीत, कारण आपण काही चांगले केले असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

एका बाजूकडे आपल्या कार्यक्रमांचे सातत्याने दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते, आणि ती म्हणजे मुलाकडची बाजू. लग्नाचे वय मुलीचा बाप एकटा ठरवत नाही. मुलगी लहान असेल तर हुंडा कमी, वय वाढले की मागणी वाढते, हे गणित मुलाकडच्यांनी घातलेले असते. लग्न झालेल्या जोडीला एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरून उचल दिली जाते, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकण्याची घाई त्या घरातही असते. थोरलीच्या लग्नात धाकटीलाही उभी करून एकाच मांडवात दोन कार्ये उरकण्याचा सल्ला बहुधा पाहुणेच देतात. म्हणून विशी-बाविशीतील मुले, त्यांचे वडील आणि मुकादम यांच्या स्वतंत्र बैठका घ्याव्यात. “आमच्या घरात अठराच्या आतली सून येणार नाही” हे वाक्य मुलाच्या आईने जाहीरपणे उच्चारले, तर मुलीच्या दहा बापांची काळजी एकदम हलकी होते.

गावात वर्षातून एकदा होणारा हरिनाम सप्ताह हे असे व्यासपीठ आहे जिथे सगळी भावकी आणि बाहेरगावचे सोयरेही एकत्र येतात. कीर्तनकारांना कार्यक्रमाच्या आधी भेटून, माहितीपत्रक हातात न देता गावातील दोन खऱ्या गोष्टी नाव न घेता सांगाव्यात. दृष्टांत कसा गुंफायचा हे त्यांना आपल्याहून चांगले कळते. मांडववाले, आचारी, बँडवाले आणि पत्रिका छापणारे यांनाही बोलवावे, कारण कायद्याचा धाक त्यांना खरोखर असतो आणि वयाचा दाखला पाहिल्याशिवाय काम घेणार नाही असे त्यांनी सर्वांनी मिळून ठरवले, तर एकट्याचे गिऱ्हाईक जाण्याची भीती राहत नाही.

मुलींचा गट, मुलांचा गट

पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा वर्ग चालवला. आठवड्यातील पाच दिवस, संध्याकाळी तासभर, आणि शिकवणाऱ्या त्याच परिसरातील थोडेफार शिकलेल्या स्त्रिया. त्या भागात मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष ही वाढ लहान वाटेल, पण त्या एका वर्षात मुलीची दहावी होते. त्या वर्गाचे यश केवळ धड्यांत नव्हते असे माझे मत आहे. रोज संध्याकाळी गावातील मुली एकत्र घराबाहेर पडतात, परत येतात आणि काहीही विपरीत घडत नाही, हे सगळ्या गावाने वर्षभर पाहिले. दृष्टीस पडणारी सवय ही शंभर व्याख्यानांपेक्षा बलवान असते.

गट सुरू करताना जागा आणि वेळ मुलींनीच ठरवावी, जाण्यायेण्याची वाट उजेडाची असावी, आणि विषय शरीरापासून सुरू न करता हिशेब, सायकल, बँकेचे खाते, अर्ज लिहिणे अशा गोष्टींपासून करावा. शरीराचा विषय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपोआप येतो. तो आला की ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘विटाळ’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ मुलींनाच विचारावा आणि मग ‘पाळी’ हा साधा शब्द सर्वांनी मोठ्याने उच्चारावा. रक्तक्षय, आठवड्याला एकदा घ्यायची लोहाची निळी गोळी, कापड उन्हात का वाळवायचे, अंगावरून पांढरे जाणे केव्हा नैसर्गिक असते आणि केव्हा दाखवावे, हे प्रश्न मग धबधब्यासारखे येतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले होते. इतक्या मोठ्या प्रमाणावरील दुखणे निमूट सोसले जाते, कारण ते बोलायचे नसते ही रूढी मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षीच शिकलेली असते.

मुलांचा गट वेगळा घ्यावा आणि तो पुरुषाने चालवावा. स्वप्नदोष, हस्तमैथुन, ‘धातू जाणे’ यांविषयी मुलांच्या मनात जे भय असते, त्याचा फायदा गुप्तरोगाच्या जाहिराती भिंतीवर रंगवणारे भोंदू घेतात. ही भीती काढून टाकणारा माणूस मुलांना आपला वाटतो आणि त्यानंतरच तो त्यांच्याशी मुलींचा पाठलाग, नकाराचा मान आणि घरकाम यांविषयी बोलू शकतो. मुंबईतील महापालिका शाळांत २००८ पासून मुलामुलींना एकत्र घेऊन स्त्रीपुरुष समतेचा जो उपक्रम राबवला गेला, त्यात खेळ, नाट्य आणि चर्चा यांचाच वापर होता. कबड्डीच्या मैदानावर सरावानंतरची वीस मिनिटे ही खेड्यातील त्याची सहज जमणारी आवृत्ती आहे.

अभ्यासक्रम मुलांपुढे नेण्याआधी, चित्रांसकट आणि एकही पान न लपवता, पालकांना दाखवावा. २००७ मध्ये लोकप्रतिनिधींच्या विरोधानंतर महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली होती, हे विसरू नये. त्याच महाराष्ट्रात गडचिरोलीचे ‘तारुण्यभान’ शिबिर वर्षानुवर्षे आदराने चालत आले, कारण तेथे विषय आडवळणाने न मांडता जबाबदारीच्या आणि आरोग्याच्या भाषेत मांडला गेला.

पर्याय हाताशी असल्याशिवाय रूढी सोडायला सांगू नये

ज्या बापाला मुलीला कुठे ठेवावे हे कळत नाही, त्याला समाजाचे मत बदलले असे सांगून काहीही साधत नाही. म्हणून दसऱ्याच्या दोन महिने आधी यादी करावी. कोणत्या घरातून आईवडील तोडणीला जाणार, घरी आजी-आजोबा राहणार का, शाळेला जोडून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला आहे का, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली जवळचे वसतिगृह कुठे आहे, मानव विकास कार्यक्रमाची निळी बस या वाटेने येते का, मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला आहे का, ही माहिती नावानिशी काढावी आणि अर्ज स्वतः सोबत जाऊन भरावेत. हे काम रटाळ आहे, त्याचे छायाचित्र निघत नाही, पण सबंध मोहिमेत यासारखे खात्रीचे काम दुसरे नाही.

ग्रामसभेचा ठराव केव्हा आणि कसा

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठरावात एवढे बळ असते, कारण तो सर्वांच्या देखत होतो आणि उद्यापासून ‘गावाने ठरवले आहे’ हे वाक्य आईबापाला पाहुण्यांच्या तोंडावर फेकता येते. परंतु तयारीविना केलेला ठराव कागदावरच राहतो. आधी महिला सभेत विषय पूर्ण चर्चिला जावा. ग्रामसभेत मांडण्याआधीच गाभ्यातील कुटुंबांनी आपापल्या भावकीत बोलून ठेवावे. ठराव मांडणारी व्यक्ती अशी असावी जिच्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी किंवा मुलगा आहे.

ठरावात शिक्षेपेक्षा मदत अधिक असावी. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलींची राहण्याची सोय कोण पाहील, सोयरीक ठरण्याआधी दाखला कोण तपासेल, पाळीच्या दिवसांत शाळेत काय व्यवस्था असेल, हे नावासह लिहावे. जो बालविवाह करील त्याच्याशी रोटीव्यवहार बंद, असे कलम भावनेच्या भरात सुचवले जाते. ते मुळीच घालू नये. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानुसार वाळीत टाकणे हा गुन्हा आहे आणि एका जुलमी रूढीसाठी दुसरी उभी करणे तर त्याहून वाईट.

पाळीशी संबंधित रूढींबाबत घाई अधिकच अंगलट येते. गडचिरोलीतील माडिया व गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी कुर्माघरात, म्हणजे घरापासून वेगळ्या झोपडीत, राहण्याची प्रथा आहे. काही गावांत मोडक्या झोपड्यांच्या जागी पक्की, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली विसावा केंद्रे बांधली गेली. त्यामुळे प्रथा टिकेल असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. तरीही साप-विंचवाच्या भीतीत झोपणाऱ्या मुलीला आज रात्रीपुरती सुरक्षित जागा देणे आणि उद्या तिने तेथे जावे की नाही हा प्रश्न त्या स्त्रियांनीच उपस्थित करणे, हा क्रम मला योग्य वाटतो. कुर्माघर बाहेरच्याने पाडले, तर दुसरे आणखी आडजागी उभे राहते.

कायदा आणि आरोग्यसेवा यांची नीट सांगड

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. लग्न लावणाऱ्या व घडवून आणणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र स्त्रियांना कैद होत नाही. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. हळद लागल्यावर पोलीस नेण्यापेक्षा सुपारी फुटण्याआधी आत्या-मामांसह घरी जाणे केव्हाही अधिक परिणामकारक ठरते, कारण मांडवातून परतलेली मुलगी त्याच घरात राहणार असते आणि झालेल्या अपमानाचा राग तिच्यावरच निघतो.

मोहिमेचे रूप पाळतीचे झाले की आणखी एक धोका उद्भवतो. अठराच्या आत लग्न झालेली मुलगी गरोदर राहिली, की गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने तिला दवाखान्यातच नेले जात नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा प्रकार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ते आशाताईंनी व शिक्षकांनी नीट समजून घ्यावे. त्याचबरोबर अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, गर्भपाताच्या प्रकरणात पोलिसांना माहिती देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, हेही त्यांना ठाऊक असावे. जिचे लग्न होऊन गेले तिला दोषी न मानता तिची तपासणी, तिचा आहार आणि तिचे अर्धवट राहिलेले शिक्षण यांची काळजी घ्यावी.

नवविवाहित जोडप्यांच्या बाबतीत निर्णयाची किल्ली सासूकडे असते. ‘वर्ष झालं, अजून काही नाही?’ हा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रिया मोजक्या असतात आणि त्या एकमेकींना ऐकून तो विचारतात. सासवांच्या बैठकीत त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची आठवण काढावी. बहुतेकींचे डोळे भरून येतात आणि सुनेला दोन वर्षे द्यावीत हे त्यांच्याच तोंडून निघते. त्याच आठवड्यात आशाताईंनी निरोध, गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी यांची माहिती घरी द्यावी, म्हणजे बोलणे आणि सोय यांत अंतर पडत नाही.

किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आपल्याकडे मैत्री क्लिनिक चालतात. मुलांना तेथे पाठवण्याआधी आपण स्वतः जाऊन बसावे. दार बंद होते का, रांगेत ओळखीचे लोक असतात का, प्रश्न ऐकून कर्मचारी हसतात का, हे पाहावे. पहिल्याच भेटीत ज्या मुलाची लाज निघाली, तो आपल्या दहा मित्रांना तिकडे फिरकू देत नाही.

मनातली खरी भीती

लवकर लग्नामागचे एक कारण सभेत कोणी उच्चारत नाही, आणि ते म्हणजे मुलगी कोणाबरोबर तरी, विशेषतः दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर, निघून जाईल ही भीती. ती टाळून केलेले काम पोकळ ठरते. पालकांच्या लहान बैठकीत हा विषय आपणच काढावा, आणि ज्या घरात मुलगी आईशी मोकळेपणाने बोलते त्या घरात ती संकटात सापडली तर आधी आईला सांगते, हे त्यांच्याच अनुभवातून पुढे येऊ द्यावे. येथे आपलीही परीक्षा असते. “अठरा होईपर्यंत थांबा, मग आम्ही म्हणू तिथे उजवा” एवढेच जर आपण शिकवले, तर रूढी फक्त दोन वर्षे पुढे सरकते. मुलीच्या होकाराला किंमत आहे, हे वयाच्या आकड्याइतक्याच आग्रहाने मांडावे लागते. जी मुलगी सभेत बोलायला उभी राहील, तिच्या घरी त्याच संध्याकाळी कोणी तरी जाऊन यावे. तिची परवानगी नसताना तिचा सत्कार करू नये आणि तिचे छायाचित्र कुठेही देऊ नये.

बदल कसा मोजावा

एका वर्षाने तेच तीन प्रश्न आणि तेच चिंचोके पुन्हा वापरावेत. वागणूक बदलण्याआधी इतरांविषयीचा अंदाज बदलतो, म्हणून “दहांपैकी किती जणांना असे वाटत असेल?” या प्रश्नाचे उत्तर तीनवरून सहावर गेले, तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. त्याच्या जोडीला नववी आणि अकरावीच्या हजेरीपटावरील मुलींची संख्या, आशाताईंच्या नोंदवहीतील पहिल्या गरोदरपणाचे वय आणि मैत्री क्लिनिकमधील भेटी पाहाव्यात. आकडे अचानक फारच सुधारलेले दिसले, तर आनंदाआधी शंका घ्यावी. लग्न परगावी मामाच्या दारात लागले का, शाळेच्या दाखल्यावरील आणि आधार कार्डावरील जन्मतारखा जुळतात का, हे तपासावे.

हा हिशेब घेताना ऊसतोड गावांत एक चूक हमखास होते. सर्वेक्षण मार्चअखेरच्या घाईत उरकले जाते आणि ज्या कुटुंबांसाठी हे सारे चालले आहे तीच त्या वेळी कारखान्याच्या पालात असतात. टोळ्या परत आल्यावर, लगीनसराई ऐन भरात येण्याच्या आत, त्यांची वेगळी बैठक बोलवावी, गावात राहिलेल्यांनी काय ठरवले ते वाचून दाखवावे, मागे राहिलेल्या मुलींनी सहा महिने कसे काढले ते त्यांच्याच आज्यांना सांगू द्यावे, आणि त्यानंतर मडकी पुन्हा मांडावीत.